एकच ब्रेक पॅड आधी का संपतो?

गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मी चार जुने ब्रेक पॅड ओळीने मांडले होते आणि मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन त्यांची जाडी मोजत बसले होते. नवे बसवले तेव्हा घासणारा थर १० मिलिमीटरचा होता. १३ हजार किलोमीटरनंतर उजव्या चाकाचे दोन्ही पॅड ७ वर आलेले. डाव्या चाकाचा बाहेरचा ८. आणि त्याच डाव्या चाकाचा आतला एका टोकाला ३, दुसऱ्या टोकाला जेमतेम दीड.

ज्या गॅरेजमध्ये पॅड बदलले तिथलं निदान एका वाक्याचं होतं. "मॅडम, तुम्ही घाटात ब्रेकवर पाय ठेवून चालवता." आमची रत्नागिरी-कोल्हापूर ये-जा असते, महिन्यातून दोनदा तरी आंबा घाट उतरावा लागतो, त्यामुळे आरोप अगदीच हवेतला नव्हता. मी पैसे दिले आणि जुने पॅड मागून पिशवीत घालून आणले. गॅरेजमधल्या मुलाला ते विचित्र वाटलं असावं. पण त्याआधीचा संचही असाच अवेळी गेला होता आणि तेव्हा मी जुने पॅड न बघताच घरी आले होते.

त्या चार आकड्यांकडे बघताना लक्षात आलं की माझ्या पायावरचा आरोप टिकत नाही. शाळेत पास्कलचा नियम शिकलो होतो: बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. पायाखाली पेडल एकच. त्याने ब्रेक ऑइलवर दिलेला दाब डाव्या आणि उजव्या चाकाला सारखाच जातो. घाटात सारखा ब्रेक दाबून ठेवणाऱ्याचे पॅड लवकर संपतात हे खरं आहे, पण ते जोडीने संपतात, दोन्ही बाजूंचे. फक्त डाव्या चाकाचा, त्यातही फक्त आतला पॅड झिजवण्याची कला कुठल्याच ड्रायव्हरच्या पायात नसते. तेव्हा असा एकटा पॅड संपलेला दिसला की दोष चाकापाशी शोधायचा, सीटवर बसलेल्या माणसात नाही.

आता चाकापाशी नेमकं काय बिघडतं हे कळायला कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, कसा चालतो ते आधी बघू. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. इथे मी पुढच्या डिस्कबद्दलच बोलतेय.

शेवयांचं यंत्र

हाताने फिरवायचं शेवयांचं यंत्र टेबलाच्या कडेला कसं बसवतात ते आठवा. खालचा स्क्रू पिळायचा. तो वर चढतो आणि टेबलाच्या खालच्या अंगाला टेकतो. आणखी पिळलं की स्क्रूला वर जायला जागाच नसते, म्हणून यंत्राचं अंगच खाली ओढलं जातं आणि वरचा जबडा टेबलावर घट्ट बसतो. स्क्रू एकाच बाजूला आहे, पण पकड दोन्ही बाजूंनी सारखी येते.

लहान गाडीचा कॅलिपर अगदी याच तऱ्हेने चालतो. टेबलाच्या जागी चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डिस्क आणि स्क्रूच्या जागी पिस्टन, तोही फक्त आतल्या म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन बाहेर येतो आणि आतला पॅड डिस्कवर दाबतो. डिस्क बाजूला सरकत नाही, म्हणून उलट धक्क्याने कॅलिपरचं अख्खं अंग आतल्या दिशेला सरकतं आणि पलीकडच्या बाजूला अडकवलेल्या बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणून टेकवतं. डिस्क दोन पॅडांच्या मध्ये चिमटीत सापडते.

यात एक अट आहे. कॅलिपरचं अंग मोकळं सरकलं पाहिजे. ते बोटाएवढ्या जाड दोन पिनांवर सरकतं, त्यांना गाइड पिन म्हणतात. पिना ग्रीस लावून भोकात बसवलेल्या असतात आणि तोंडाशी पाणी-माती आत जाऊ नये म्हणून रबराचे छोटे बूट असतात. शेवयांचं यंत्र गंजून टेबलाला चिकटलंय अशी कल्पना करा. स्क्रू कितीही पिळा, खालूनच टोचत राहील, वरचा जबडा जागचा हलणार नाही. पिना जाम झालेल्या कॅलिपरचं तेच होतं. आतला पॅड एकटाच राबतो आणि बाहेरचा नुसता बसून राहतो.

पाय काढल्यावर पॅड मागे कसे येतात, हा भाग मला जास्त आवडतो, कारण तिथे पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाचं एक रबरी कडं असतं, त्याला सील म्हणतात. ऑइल बाहेर गळू न देणं हे त्याचं एक काम. दुसरं काम असं की पिस्टन पुढे गेला की हे रबर त्याच्याबरोबर थोडं पिळलं जातं आणि दाब गेला की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेतं. आपण पाय न हलवता कमरेतून वाकून फळीवरचा डबा काढतो आणि परत सरळ होतो, तसं. पॅड झिजत गेला की अंतर वाढतं आणि नुसतं वाकून पोचत नाही. मग पिस्टन सीलमधून पाऊलभर पुढे सरकतो आणि तिथून पुन्हा वाकणं-सरळ होणं सुरू. त्यामुळे डिस्क ब्रेकला अ‍ॅडजस्टमेंट करावी लागत नाही.

पण या परतीत जोर फारच थोडा असतो. दाबताना पायाची आणि पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची ताकद असते, परतताना एवढ्याशा रबराची. त्यामुळे कुठे जरासा गंज, जरासा चिकटा आला की दाबणं व्यवस्थित चालू राहतं, सुटणं मात्र बिघडतं. ब्रेक "चांगला लागतोय" म्हणून गाडी ठीक आहे असं आपण समजतो ते यामुळेच.

एकूण तीन गोष्टी सरकायच्या असतात: पिस्टन आपल्या सिलिंडरमध्ये, कॅलिपर आपल्या पिनांवर आणि पॅडचे दोन्ही कान, म्हणजे पाटीची बाहेर आलेली टोकं, ब्रॅकेटच्या म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या खाचेत. पॅड वेडेवाकडे झिजले असतील तर बहुतेक वेळा या तिघांपैकी कुणीतरी अडलेलं असतं.

पॅड वाचताना

सगळ्यात आधी, पॅड काढतानाच प्रत्येकावर मास्किंग टेपचा तुकडा लावून घ्यायचा: डावा आत, डावा बाहेर, उजवा आत, उजवा बाहेर. मेस्त्रींनी चारही पॅड एका तसराळ्यात टाकले की अर्धा पुरावा गेला. जाडी मोजताना फक्त घासणारा थर मोजायचा. मागची पोलादी पाटी धरायची नाही, तीच चार-पाच मिलिमीटरची असते आणि तिच्यामुळे संपलेला पॅडही भरलेला वाटतो. दोन्ही टोकांना मोजायचं. थर ३ मिलिमीटरपर्यंत आला की बदलायची वेळ झाली.

चाक न काढता पॅड बघायची पद्धत अनेकांना माहीत असते. रिमच्या फटीतून डोकावायचं. त्यात एक मोठी फसगत आहे. बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड. माझ्या गाडीचा तो ८ मिलिमीटर होता, बघणारा म्हणाला असता, अजून वर्षभर चिंता नाही. आणि त्याच वेळी आतला पोलादाला टेकायला आला होता. आतला बघायचा तर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून, टॉर्च लावून, मोबाइल चाकाच्या मागे नेऊन फोटो काढायचा. बहुतेक गाड्यांत जमतं. नाहीतर टायरची अदलाबदल करताना चाकं निघतातच, तेव्हा दोन मिनिटं वाकून बघायचं.

पॅड संपत आला की "चीं" असा आवाज येतो, त्या आवाजावर विसंबून राहणारेही खूप आहेत. तो आवाज पॅडच्या पाटीला लावलेल्या पोलादी पत्तीचा असतो, थर संपत आला की ती डिस्कला घासते. मात्र बऱ्याच गाड्यांत ही पत्ती फक्त आतल्या पॅडला असते. बाहेरचा आधी संपला तर ती गप्प बसते.

आता माझे चार आकडे. आतला दीड आणि बाहेरचा ८, एवढं बघून कुणीही म्हणेल की आतला पॅड डिस्कला चिकटून राहत होता. मग पिस्टनचा संशय येतो. पण बाहेरच्या ८ कडे नीट बघा. उजव्या बाजूचे दोन्ही, जे सुरळीत काम करत होते, ते ७ वर आले होते. डावा बाहेरचा त्यांच्यापेक्षाही कमी झिजला होता. म्हणजे त्याला पुरेसं काम मिळतच नव्हतं. कॅलिपर त्याला डिस्कपर्यंत ओढून आणत नव्हता. त्यात आतल्या पॅडला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उतार. दोन्ही पिना सारख्या जाम असत्या तर पॅड बऱ्यापैकी सरळ झिजला असता. एक मोकळी आणि एक जाम असली की कॅलिपर सरकताना तिरका होतो, एकच बिजागरी गंजलेलं दार ओढलं की होतं तसा. संशय एका पिनेवर येऊन थांबला, तोही गाडी न उघडता, वर्तमानपत्रावर.

थोडा उतार सगळ्याच पॅडना असतो. फिरती डिस्क पॅडच्या ज्या टोकाखाली आधी शिरते ते टोक जरा जास्त घासलं जातं, त्यात काही बिघाड नाही. आतल्या-बाहेरच्यात एखाद मिलिमीटरचा फरकही चालतो. दोन-तीनच्या पुढे गेला की कारण शोधायचं.

बाहेरचा जास्त झिजलेला दिसला तर काय? तेव्हाही पहिला संशय पिनांवरच. फक्त यावेळी कॅलिपर आत सरकतो आणि परतताना अडकतो. पिस्टन केसभर मागे जाऊन आतल्या पॅडची सुटका करतो, पण कॅलिपरचं अंग तिथेच राहतं आणि बाहेरचा पॅड डिस्कवर हलकासा टेकून किलोमीटरमागून किलोमीटर घासत जातो. जाताना अडलं की आतला झिजतो, येताना अडलं की बाहेरचा. एकाच दोषाच्या या दोन उलट खुणांमुळे इंटरनेटवर वाचणाऱ्यांचा गोंधळ होतो.

आतला झिजलाय आणि बाहेरचा दुसऱ्या बाजूच्या पॅडइतकाच आहे, अशा वेळी मात्र पिस्टनकडे वळायचं. पिस्टनच्या तोंडाशीही रबरी बूट असतो. तो फाटला की पाणी आत जातं, पिस्टनवरच्या गुळगुळीत मुलाम्याला गंजाचे खड्डे पडतात आणि सील त्याला मागे घेऊ शकत नाही. ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं न बदलल्यानेही आतून हेच होतं, कारण ते हवेतली आर्द्रता शोषून घेतं. ते पाणी गंज तर आणतंच, शिवाय ऑइलचा उकळबिंदूही खाली आणतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना पेडल अचानक भुसभुशीत लागायचं कारण बहुधा इथे असतं. दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्यावं, घाटवाल्यांनी तर नक्कीच.

तिसरी सरकणारी गोष्ट पॅडचे कान. ते ब्रॅकेटच्या खाचेत पातळ स्टीलच्या पत्त्यांवर बसतात. पत्तीखाली गंज चढला की तो फुगतो, पत्ती वर उचलली जाते आणि खाच अरुंद होते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, वर समुद्राची खारी हवा. इथे हे नेहमीचंच. पॅड बोटाने ढकलला की खाचेत बसला पाहिजे. बसवताना हातोडी उचलली गेली की समजा, तो पॅड पुढे परतायचा नाही. बरोबर काम एवढंच की पत्ती काढून खाच वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करायची आणि पत्ती नवी घालायची.

दोन्ही पुढच्या चाकांचे चारही पॅड सारखेच पण फार लवकर संपले तर तो वेगळा विषय. तिथे घाट, शहरातली गर्दी, स्वस्तातले पॅड किंवा खरोखरच आपला पाय. पेडलला थोडी ढिलाई हवी, तीच उरली नसेल तर मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणाऱ्या सिलिंडरमधून, ऑइल पूर्ण परतत नाही आणि ब्रेक सगळीकडे थोडे थोडे लागलेले राहतात, तेही एकदा बघून घ्यावं.

डावं आजारी की उजवं

एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकाच्या मानाने खूप झिजले असले की जास्त झिजलेली बाजू बिघडलीय असंच आपण गृहीत धरतो. नेहमी तसं नसतं. उजवा पिस्टन आतच अडकला, पुढे येईनासा झाला, तर उजवं चाक ब्रेक मारणारच नाही आणि सगळा भार डाव्यावर येईल. डावे पॅड लवकर झिजतील, पण ते बिचारे दुसऱ्याचं काम करून झिजलेले असतील. घरात जो जास्त थकलेला दिसतो त्यालाच डॉक्टरकडे नेण्यासारखं आहे हे. आधी बघावं, भांडी कोण घासत नाहीये.

दोन्हींतला फरक रस्त्यावर कळतो. ब्रेक न दाबता, नुसती चालत असतानाच गाडी एका बाजूला ओढत असेल आणि हवा व अलाइनमेंट ठीक असेल, तर त्या बाजूचा ब्रेक धरून राहिलाय. गाडी सरळ चालतेय आणि ब्रेक दाबल्यावरच एका बाजूला जातेय, तर विरुद्ध बाजूचा ब्रेक कमी लागतोय.

उष्णता याहून पक्कं सांगते. घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो की मला जळका वास यायचा आणि मी डाव्या चाकावर संशय घ्यायचे. पण घाटानंतर दोन्ही चाकं तापलेलीच असतात, तिथे तुलना करून उपयोग नाही. सकाळी थंड गाडी बाहेर काढायची, बऱ्यापैकी मोकळ्या रस्त्यावर सहा-सात किलोमीटर जायचं, ब्रेक शक्य तेवढा कमी वापरायचा आणि थांबतानाही गिअर उतरवत हळू थांबायचं. मी हातखंब्याच्या रस्त्याला गेले होते. उतरून तापमापक बंदुकीने रिमच्या फटीतून दोन्ही डिस्क मोजल्या. डावी ९५ अंश, उजवी ५८. ब्रेक जवळपास न वापरता एवढा फरक म्हणजे डावीकडे काहीतरी घासत होतंच. सरकताना अडणारी पिन परततानाही अडते, हे इथे दिसलं.

ही बंदूक वस्तूंचं तापमान मोजणारी हवी. कोविडच्या दिवसांत घेतलेली कपाळाची बंदूक तापापुरतीच मोजते, ती इथे चालत नाही. आणि नेम डिस्कच्या चकचकीत भागावर न धरता मधल्या गंजट टोपीवर धरावा, चकाकणाऱ्या धातूवर आकडा खरा येत नाही. बंदूक नसेल तर तळहाताची मागची बाजू चाकाजवळ न्या, टेकवू नका. डिस्कवर पाणी शिंपडून बघण्याचा मोह टाळा.

पुढची पायरी जॅकवर. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. चाक उचलायचं आणि हाताने फिरवायचं. हलकी सर्रर ऐकू येते, ती चालते. मग कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगायचं आणि लगेच पुन्हा फिरवायचं. चाक तसंच मोकळं फिरलं पाहिजे. जड झालं असेल तर अडलंय कुठे, हे शोधायची मेस्त्रींची एक जुनी युक्ती आहे. चाक धरलेलं असतानाच कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल जरासं ढिलं करायचं. ऑइलची चिळकांडी उडून चाक एकदम मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता, म्हणजे दोष पाइपात किंवा वर मास्टर सिलिंडरमध्ये. निपल उघडूनही चाक तसंच जड, तर दोष कॅलिपरच्या धातूत: पिस्टन, पिना, खाचा. हे स्वतः करू नये; एकदा निपल उघडलं की हवा शिरते आणि ती नीट काढता आली पाहिजे.

दाब अडकला असेल तर बऱ्याचदा चोर निघतो रबरी पाइप. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण आतला थर जुना होऊन सुटतो आणि पडद्यासारखा लोंबतो. पेडलच्या जोराने ऑइल त्या पडद्याला ढकलून पुढे जातं. परतताना जोर असतो फक्त सीलच्या रबराचा, तेवढ्याने पडदा उघडत नाही. जायला वाट, यायला नाही.

मागची डिस्क असलेल्यांसाठी एकच सूचना. तिथे अनेक गाड्यांत हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरमध्येच असते आणि पिस्टन फिरवत फिरवत मागे न्यावा लागतो. पुढच्यासारखा शिकंजा लावून दाबला तर आतले आटे तुटतात.

पिन

मेस्त्रींकडे गेले ते पॅडांची पिशवी घेऊनच. त्यांनी चारही हातात घेऊन उलटसुलट केले, माझ्या मास्किंग टेपकडे बघून हसले आणि म्हणाले, "ताई, डावी बाजू काढू. उजवी नंतर." कॅलिपर सोडवून त्यांनी तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधला, पाइपवर लोंबकळत ठेवला नाही. मेस्त्री पारखायचा असेल तर मी एवढं बघते.

वरची पिन दोन बोटांत धरून ओढली तर सुळकन बाहेर आली. खालची हलेना. "ही हातानेच निघायला हवी," म्हणत त्यांनी पकडीने पिळत पिळत पाच मिनिटांनी ती बाहेर काढली. पिनेच्या टोकाला रबराची छोटी नळी असते, खडखड होऊ नये म्हणून. ती रात्रभर भिजवलेल्या वाटाण्यासारखी टम्म फुगली होती आणि भोकात पाचरीसारखी बसली होती. भोवती तपकिरी, चिकट ग्रीस. मेस्त्रींनी ते बोटावर घेऊन वास घेतला. "हे चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस. कुणी लावलं?"

कुणी लावलं ते मला माहीत होतं, आधीच्या दोन्ही वेळच्या बिलांवर "कॅलिपर ग्रीसिंग" अशी ओळ होती. खनिज तेलाचं साधं ग्रीस ब्रेकमधल्या रबराला लागलं की रबर ते पितं आणि फुगतं. तिथे सिलिकोनचं, रबराला चालणारं ग्रीसच लागतं, तेही पातळ थर. ठासून भरलं तर भोकात हवा कोंडते आणि पिन आत ढकलली की परत बाहेर येते. इंजिनचं वगैरे काहीही तेल इथे चालत नाही, आणि जाम पिनेवर गंज सोडवणारा स्प्रे मारून तशीच बसवणं हा उपाय आठवडाभराचा. शिवाय बऱ्याच गाड्यांत दोन पिना वेगवेगळ्या असतात, एक साधी, एक रबरवाली. वरची खाली गेली तरी कॅलिपर बसतो, पण सरकत नीट नाही.

त्यांनी दोन्ही बाजूंच्या पिना, रबरं, बूट नवे घातले. पॅडच्या संचापेक्षा ते सगळं स्वस्त पडलं. मग टॉर्च लावून डाव्या डिस्कची आतली बाजू दाखवली. बाहेरून आरशासारखी दिसणाऱ्या त्या डिस्कला आतून नख अडकेल एवढ्या खोल रेघा. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मोजून बघितलं तर लेथवर घासल्यावर त्याच्या खाली गेली असती, म्हणून दोन्ही डिस्क नव्या घेतल्या. डिस्क काय, पॅड काय, एका बाजूचे बदलत नाहीत, जोडीने बदलतात. हा खर्च मात्र टोचला, कारण पहिला संच काढला तेव्हाच कुणी आतला पॅड बघितला असता तर तो झाला नसता.

ब्रेकची धूळ त्यांनी कॉम्प्रेसरने उडवली नाही, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसली. ती धूळ छातीत जाऊ द्यायची नाही, जुन्या पॅडांत तर अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. पिस्टन मागे ढकलण्याआधी ऑइलच्या डबीचं झाकण उघडून फडकं गुंडाळलं. पातळी वर येऊन ऑइल सांडलं तर रंग उचकटतो. सगळं जोडून झाल्यावर मला म्हणाले, "आता बसा, आणि पेडल दाबत राहा, गाडी सुरू करू नका." पहिल्यांदा पेडल थेट जमिनीला टेकलं. मागे ढकललेला पिस्टन पुन्हा पॅडपर्यंत यायला पाच-सहा वेळा दाबावं लागतं. हे विसरून गाडी गॅरेजच्या बाहेर काढणारे समोरच्या भिंतीपाशी थांबतात.

त्यानंतर आठ हजार किलोमीटर झाले. परवा टायर बदलताना पुन्हा मोजले: डावा आत ८, डावा बाहेर साडेआठ, उजवे दोन्ही ८. उजव्या आतल्याला एका टोकाकडे अर्ध्या मिलिमीटरचा उतार दिसतोय. आकडे मास्किंग टेपवर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात चिकटवलेत. पावसाळा संपला की उजवी बाजू पुन्हा मोजायची आहे.